पोटात गेलेल्या रक्ताला गट नसतो

तुमचा प्रश्न मला असा समजला: ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही तुमची शाळेपासूनची लाडकी कादंबरी, चार-पाच पारायणं झालेली. आता व्हॅम्पायरवर विज्ञानकथा लिहायला घेतली आहे, पण तीस पानं झाल्यावर वाचून पाहिलं तर ‘ड्रॅक्युला’च पुन्हा उतरवून काढल्यासारखी वाटते. नक्कल टाळायला विषाणू, जनुकं असं काही आणलं की भीती उडून जाते. मग जुन्या गोष्टीतलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं?

मी बावीस वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ होतो आणि जवळपास तेवढीच वर्षं विज्ञानकथा लिहितो आहे. त्यामुळे हा प्रश्न दोन्ही बाजूंनी माझ्या घरचा आहे. माझ्या मते अडचण ‘काय ठेवायचं, काय टाकायचं’ ही नाहीच. घर बदलताना सामानाची वाटणी करावी तसं तुम्ही त्या कादंबरीकडे बघताय: वाडा ठेवू, लसूण टाकू, सुळे ठेवू, क्रूस टाकू. अशी वाटणी कितीही नीट केली तरी सामान स्टोकरचंच राहतं. खरा प्रश्न वेगळा आहे. त्या गोष्टीतली कोणती एक जागा तुम्हाला अजून सोडत नाही? पाचव्या वाचनातही जिथे तुम्ही थांबता, मागे जाता, ‘पण असं का?’ म्हणता, ती जागा शोधायची. तुमची कथा तिथून निघेल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. लघुकथा लिहीत असाल तर एकच वैज्ञानिक कल्पना पुरे, दुसरी आणली की पहिली गुदमरते. कादंबरीत त्या कल्पनेचे परिणाम समाजभर पसरलेले दाखवावे लागतात. तुमचं शिक्षण विज्ञानाचं नसेल तर बिघडत नाही, पण मग एखादा छोटा भाग निवडून तो पक्का करा. आणि तुम्हाला कादंबरी आठवते आहे की तिच्यावरचे चित्रपट, हेही तपासा. याने फार फरक पडतो.

उदाहरणार्थ ऊन. सूर्यप्रकाशात व्हॅम्पायर जळून नाहीसा होतो असं आपण सगळे धरून चालतो. १८९७च्या मूळ कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनच्या पिकाडिलीत फिरताना दिसतो, दिवसा फक्त त्याच्या शक्ती कमी होतात. उन्हाने मरणं १९२२च्या एका जर्मन मूकपटातून आलं. शेवटही तसाच. काउंटच्या, म्हणजे ड्रॅक्युलाच्या, छातीत लाकडी खुंटी कोणी ठोकत नाही. सूर्य मावळायच्या क्षणी त्याच्या मागावर आलेल्यांपैकी हार्करची कुकरी त्याच्या गळ्यावरून फिरते आणि मॉरिसचा सुरा छातीत घुसतो. लेखकाने हत्यार निवडलं तेही गुरख्यांचं!

याहून महत्त्वाचं म्हणजे ती कादंबरी तिच्या काळात अगदी ताजी होती. डॉ. सेवर्ड आपली रोजनिशी फोनोग्राफवर बोलून ठेवतो, हार्करची बायको मिना टंकलेखन करते, लघुलिपी शिकते, तारा सुटतात, रेल्वेची वेळापत्रकं पाठ होतात. काउंटला हरवतं ते बहुतांशी हेच, सगळ्यांच्या टिपणांची तारीखवार लावलेली चळत. म्हणजे आज मेणबत्ती, धुकं आणि घोडागाडी घालून लिहिणं हे स्टोकरशी इमान राखणं नव्हे. त्याने त्याच्या वर्तमानाची साधनं घेतली, तुम्ही तुमच्या घ्या. सोसायटीतला सीसीटीव्ही, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे ‘तातडीने रक्त हवे’चे निरोप, मोबाईलचं लोकेशन.

आता आवडत्या गोष्टीतून नवी गोष्ट कशी निघते याचं मला सगळ्यांत शिकवून गेलेलं उदाहरण. अमेरिकी लेखक रिचर्ड मॅथेसन किशोरवयात ड्रॅक्युलाचा चित्रपट पाहायला गेला आणि त्याच्या डोक्यात आलं की एक व्हॅम्पायर इतका भयंकर, तर सगळं जगच व्हॅम्पायरांचं असेल तर? त्यातून १९५४ साली ‘आय अ‍ॅम लेजंड’ आली. त्याने वाडा घेतला नाही, काउंट घेतला नाही. संख्या उलटी केली. स्टोकरकडे माणसांच्या लंडनमध्ये एक राक्षस, मॅथेसनकडे राक्षसांच्या लॉस एंजलिसमध्ये एक माणूस. आणि त्याने कर्ज लपवलंही नाही. त्याचा नायक नेव्हिल घरात बसून ‘ड्रॅक्युला’ वाचतो, त्यात खरं किती आणि लोकभ्रम किती ते निवडू बघतो.

तुमच्या ‘भीती उडते’ या तक्रारीचं अर्धं उत्तर याच कादंबरीत आहे. नेव्हिल शास्त्रज्ञ नाही. तो वाचनालयातून पुस्तकं आणतो, सूक्ष्मदर्शक मिळवतो, चुकतो, चिडतो, पुन्हा बसतो. जिवाणूचा शोध त्याला अनेक महिन्यांच्या एकटेपणानंतर लागतो. क्रूसाचं कोडं तो ज्या पद्धतीने सोडवतो ते मला फार आवडतं. त्याचा जुना शेजारी ज्यू आहे आणि तो क्रूसाला बधत नाही, पण ‘तोरा’ हा ज्यूंचा धर्मग्रंथ पाहून मागे सरतो. म्हणजे ताकद लाकडाच्या त्या आकारात नाही, जिवंतपणी मनात बसलेल्या धाकात आहे. हे स्पष्टीकरण ऐकून भीती कमी होते का? माझी तरी वाढली, कारण त्या राक्षसाच्या आत अजून शेजारी शिल्लक आहे हे कळलं. स्पष्टीकरण पात्राच्या पदरात काहीतरी दुःख टाकत असेल तर ते भीतीला मारत नाही. नुसतं वाचकाला समजावण्यासाठी प्राध्यापक बोलायला लागला की मात्र सगळं संपतं. तुमच्या तीस पानांत असा प्राध्यापक आहे का ते बघा.

माझी स्वतःची अडकलेली जागा सांगतो. ल्युसी. मिनाची ही मैत्रीण काउंटची शिकार होते, आणि तिला वाचवायला कादंबरीत तिला रक्त चढवतात: आधी तिचा होणारा नवरा आर्थर, मग सेवर्ड, मग व्हॅन हेलसिंग, मग मॉरिस. चार पुरुषांचं रक्त एका मुलीला, थेट. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रक्तपेढीत नुकताच लागलो होतो आणि अक्षरशः पुस्तक खाली ठेवलं. १८९७ साली रक्तगट कोणालाच माहीत नव्हते. कार्ल लँडस्टायनरने ते १९०१ साली व्हिएन्नात मांडले. ल्युसी एबी गटाची असती तर कदाचित निभावलं असतं. ओ गटाची असती तर काउंटची गरजच नव्हती, तिच्या जिवावर उठायला तिचे हितचिंतक पुरेसे होते.

आणि त्याला लागूनच दुसरी गोष्ट. ल्युसीच्या अंत्यविधीनंतर आर्थर म्हणतो की माझं रक्त तिच्या अंगात गेलं तेव्हाच आमचं लग्न झालं असं मला वाटतं. बाकीचे तिघे आपलंही रक्त दिलेलं आहे हे त्याला सांगत नाहीत. गप्प राहतात. त्या गप्प राहण्यापाशी मी कित्येक वर्षं उभा होतो. रक्त देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नातं काय?

ही जागा कथेत बदलली ती एका रात्रपाळीत. शस्त्रक्रियेच्या एका रुग्णाचा नमुना आला, तपासला, ओ गट. क्रॉसमॅचला, म्हणजे पिशवीतलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का हे बघायला, ओची पिशवी लावली तर नळीत गुठळ्या. दुसरी लावली, गुठळ्या. तिसरी, चौथी, तेच. आपलंच काही चुकलं असेल म्हणून पेशी पुन्हा धुतल्या, पुन्हा लावलं. शेवटी वरिष्ठांनी अँटी-एच हे तपासणीचं द्रव्य लावून बघायला सांगितलं. ओ गटाच्या पेशी त्यात गोळा होतात, या झाल्या नाहीत. बॉम्बे गट.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: ए आणि बी ही जी ओळखचिन्हं आपल्या लाल पेशींवर असतात ती ‘एच’ नावाच्या एका पायावर उभी असतात. ओ गटात वरचं बांधकाम नसतं, नुसता पाया असतो. बॉम्बे गटात पायाच नसतो. म्हणून अशा माणसाला ओ गटाचं रक्तही परकं ठरतं आणि चढवलं तर जिवावर बेतू शकतं. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गट मुंबईत ओळखला, म्हणून हे नाव. भारतात साधारण दहा हजारांत एक असं याचं प्रमाण सांगितलं जातं. नेहमीच्या तपासणीत तो ओ म्हणूनच दिसतो, त्यामुळे कित्येकांना आपण वेगळे आहोत हे ठाऊकही नसतं.

त्या रात्री फोनांमागून फोन झाले. सकाळी दुसऱ्या गावाहून एक माणूस एसटीने आला, हात पुढे केला, चहा-बिस्किटं घेतली आणि परतीच्या गाडीने गेला. रुग्णाने त्याला पाहिलं नाही, त्याने रुग्णाला पाहिलं नाही. मी घरी आलो तेव्हा ल्युसीभोवतीची ती चार माणसं डोक्यातून जात नव्हती. मॅथेसनने संख्या वाढवली होती. मी ती कमी केली तर? ज्याला फक्त या गटाचंच रक्त चालतं असा कोणी असेल तर?

इथून पुढे विज्ञानाचं काम. मी सरळ हिशोबाला बसलो आणि माझी कल्पना पहिल्याच दिवशी मोडली. रक्त हे अन्न म्हणून फार निकृष्ट आहे. बहुतेक पाणी, उरलेली प्रथिनं, चरबी आणि साखर नावापुरती. लिटरमध्ये साधारण दोनशे ग्रॅम प्रथिनं धरली तर आठशेच्या आसपास कॅलरी. माणसाएवढ्या प्राण्याला दिवसाला दोन हजार कॅलरी लागतात म्हणजे रोज अडीच लिटर, ३५० मिलीच्या सात पिशव्या. अमेरिका खंडातलं रक्त पिणारं वटवाघूळ तीस-चाळीस ग्रॅम वजनाचं असतं आणि एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त रक्त पिऊ शकतं. पिता पिताच ते लघवी करून पाणी टाकायला लागतं, नाहीतर उडताच येणार नाही. दोन-तीन रात्री उपाशी राहिलं तर मरतं, म्हणून पोट भरलेली वटवाघळं उपाशी सोबत्यांना स्वतःच्या तोंडातून रक्त भरवतात. माझा रुबाबदार, शतकानुशतकं जगणारा शिकारी या गणितात बसेना.

आणि मुख्य अडचण तर निराळीच होती. पोटात गेलेल्या रक्ताला गट नसतो. जठरात गेल्यावर त्यातली प्रथिनं तुटून पचतात, डाळीतली पचतात तशीच. ए, बी, बॉम्बे, काही फरक पडत नाही. गट आडवा येतो तो रक्त शिरेत गेल्यावर. म्हणजे माझ्या व्हॅम्पायरला गटाचं बंधन हवं असेल तर तो रक्त पीत नाही, चढवून घेतो. हे उमगलं तेव्हा आठवलं की एच. जी. वेल्सच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मधले मंगळावरचे प्राणी माणसाचं रक्त थेट स्वतःच्या शिरांत घेतात. ती कादंबरी मासिकातून क्रमशः आली तेही १८९७ साल. ‘ड्रॅक्युला’ बाहेर आली त्याच वर्षी दुसरा लेखक हाच विचार पचनाच्या बाजूने करत होता! मला त्या दिवशी फार आनंद झाला होता.

मग गणित उलटलं. माझा प्राणी जेवतो आपल्यासारखंच, फक्त स्वतःच्या लाल पेशी बनवू शकत नाही. तीन आठवड्यांनी एक पिशवी धरली तर वर्षाला सतरा. निरोगी माणसाने तीन महिन्यांत एकदा रक्त द्यावं असा आपल्याकडे नियम आहे (बायकांसाठी चार महिने), म्हणजे एकाकडून वर्षाला तीन किंवा चार. सतराला चाराने भागा. त्याला पाच माणसं पुरतात, सगळ्या बायका असतील तर सहा. मुंबईची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या जवळ होती, म्हणजे या गटाची बाराशेच्या आसपास माणसं. त्यातली पाच त्याने शोधली आहेत आणि त्यांना जपणं त्याला भाग आहे. कोणाला कावीळ होऊ नये, कोणी गाव सोडू नये, कोणी मरू नये. शिकारी राखणदार झाला, तोही माझ्या इच्छेने नव्हे, भागाकाराने.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. पहिल्या खर्ड्यात मी त्या प्राण्याला थॅलेसीमियासारखा, सतत रक्त चढवावं लागणारा, आजार दिला होता. रक्तपेढीच्या खिडकीशी दर तीन आठवड्यांनी येणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आयांना मी रोज पाहत होतो, तरी लिहिताना लक्षात आलं नाही. खर्डा पुन्हा वाचताना खिडकीतला एक चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी ते सगळं फाडलं. परक्याच्या रक्तावर जगणं हे त्या मुलांचं रोजचं आयुष्य आहे, त्याला राक्षसाचं रूप द्यायचा मला काय अधिकार? पोर्फिरिया या दुर्मीळ आजाराच्या बाबतीत हेच घडलं. १९८५ साली एका रसायनशास्त्रज्ञाने त्या आजाराचा संबंध व्हॅम्पायरांच्या कथांशी जोडला, वर्तमानपत्रांनी तो उचलला, आणि शास्त्रीय आधार नसताना त्याचा भार रुग्णांना वाहावा लागला. खरा आजार वापरायचा मोह होतो, कारण संशोधन आयतं मिळतं. तो टाळा. ऑक्टेव्हिया बटलरने २००५च्या ‘फ्लेजलिंग’मध्ये वेगळी वाट काढली: तिचे व्हॅम्पायर आजारी माणसं नाहीत, ती माणसांसोबत राहणारी निराळी जात आहे. मीही तिकडे वळलो.

निराळी जात म्हटल्यावर शरीर पुन्हा मोकळं झालं आणि गंमत म्हणजे सुळे परत आले. लिटरभर रक्तात अर्धा ग्रॅम लोह असतं, आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायला आपल्या शरीराकडे नीटशी वाटच नाही. वारंवार रक्त घेणाऱ्यांना त्यासाठी औषधं घ्यावी लागतात. मग माझा प्राणी ते कुठे टाकणार? बीव्हरच्या पुढच्या दातांच्या कवचात लोह असतं, त्याने ते कणखर होतात आणि नारिंगी दिसतात. मी लोह सुळ्यांत नेलं. माझ्या म्हाताऱ्या शिकाऱ्याचे सुळे गंजलेल्या खिळ्यासारखे तांबूस आहेत, पोकळ आहेत, आणि तो लोकांसमोर हसत नाही. सुळे मी ‘ड्रॅक्युला’तून उचलले असते तर ते सामान झालं असतं. आता ते हिशोबातून उगवले.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर अडकलेली जागा एक, तिच्यावर एकच वैज्ञानिक नियम, आणि तो नियम जिथे नेईल तिथे जाणं, आपला लाडका प्रसंग बळी गेला तरी. पीटर वॉट्सने ‘ब्लाइंडसाइट’मध्ये (२००६) असंच केलंय. क्रूसाची भीती हा मेंदूतल्या दृष्टीच्या रचनेचा दोष ठरवला, काटकोन दिसला की झटका येतो. मग माणसं काटकोनी इमारती बांधायला लागल्यावर व्हॅम्पायर नामशेष झाले, हे आपोआप आलं. एका नियमातून इतिहास निघाला.

आता भीती. स्टोकरकडे भीती ही आहे की काउंट खरा आहे यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. मी हीच भीती घेतली आणि उलट्या बाजूने धरली. त्या पाचांपैकी एका बाईला अपघात होतो. तिच्या कार्डावर ओ लिहिलेलं आहे, ती स्वतः तेच सांगत आली आहे. ती खरी कोण हे शहरात फक्त एकाला माहीत आहे. तो रात्री अडीच वाजता रक्तपेढीच्या खिडकीशी येतो आणि सांगतो, तिला ओ देऊ नका. कसं माहीत, विचारल्यावर त्याच्याकडे उत्तर नाही. मी खिडकीच्या आतल्या बाजूला बावीस वर्षं बसलो आहे. घाईची वेळ, तातडीची मागणी, आणि बाहेरचा अनोळखी माणूस जे बोलतोय ते खरं मानायचं की नाही. हा प्रसंग लिहिताना माझे हात गार पडले होते. विज्ञान काढून घेतलं तर या प्रसंगात काही उरत नाही.

तुमच्या प्रश्नाखाली कोणीतरी सुचवलं आहे की व्हॅम्पायरऐवजी वेताळ घ्या, म्हणजे गोष्ट आपली होईल. मी सहमत नाही. वेताळ पंचविशीतला वेताळ प्रेतात शिरतो, झाडाला लोंबकळतो, प्रश्न विचारतो. तो रक्त पीत नाही. रिचर्ड बर्टनने १८७०च्या इंग्रजी पुस्तकाच्या नावात त्याला व्हॅम्पायर म्हटलं म्हणून तो तसा होत नाही. कोकणात आणि गोव्यात तर तो गावाचा रक्षक देव आहे, रात्री फिरून गाव राखणारा. चांदोबातल्या वेताळाने तुम्हाला लहानपणी खरंच झोपू दिलं नसेल तर त्याच्यावर जरूर लिहा, पण ती दुसरी कथा. ड्रॅक्युलाला धोतर नेसवून काही साधत नाही.

नकलेची धास्ती मात्र सोडा. १८१६च्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हाच्या तळ्याकाठी कवी बायरनने भुताच्या गोष्टी लिहायची टूम काढली. त्याने स्वतः एक अर्धवट सोडली. त्याच्या डॉक्टरने, पोलिदोरीने, त्या तुकड्यावरून १८१९ची ‘द व्हॅम्पायर’ घडवली. त्याच घरात त्याच दिवसांत मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ सुरू झाली. म्हणजे इंग्रजीतला व्हॅम्पायर आणि विज्ञानकथा एका छपराखाली जन्मली आहेत, आणि व्हॅम्पायर जन्मला तोच दुसऱ्याच्या गोष्टीतून. कायद्याच्या बाजूने बोलायचं तर स्टोकर १९१२ साली गेला, त्याची कादंबरी आता कोणाच्या मालकीची नाही. मॅथेसन, बटलर, वॉट्स यांच्या पुस्तकांचं तसं नाही, तिथून पात्रं उचलू नका. मराठी अनुवादातली वाक्यंही उचलू नका, अनुवादकाचा हक्क वेगळा असतो.

तुमची तीस पानं बाजूला ठेवा, फाडू नका. मूळ कादंबरी सहाव्यांदा वाचा आणि या वेळी हातात पेन्सिल ठेवा. जिथे थांबाल तिथे खूण करा, कारण लिहू नका. शेवटी सगळ्या खुणा एकत्र बघा. कदाचित तुमची जागा ल्युसी नसेल, डेमिटर जहाजावरचा सुकाणूला हात बांधून मेलेला कप्तान असेल, किंवा मिनाचं टंकलेखन यंत्र. जी असेल ती इथे कळवा, पुढचं आपण बोलू. आणि रक्ताचाच धागा धरणार असाल तर लिहिण्याआधी जवळच्या रक्तपेढीत जाऊन एकदा रक्त देऊन या. सुई टोचल्यावर पिशवीचा तराजू कसा डुलतो, नळी हाताला किती कोमट लागते, हे कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. तिथल्या तंत्रज्ञाला गर्दी नसताना विचारलंत तर तो क्रॉसमॅच करूनही दाखवेल. फक्त रिकाम्या पोटी जाऊ नका.